गणपतीला येणाऱ्याचा शब्द

जयगडचे गुणाजी डोर्लेकर रत्नागिरीतल्या माझ्या इंग्रजीच्या क्लासात पहिल्यांदा शिरून बोलले, तेव्हा पंखा थांबला, दोन विद्यार्थी बाकाखाली गेले आणि मी न विचारता माझं खरं वय सांगून टाकलं. जन्मभर या होडीवरून त्या होडीवर बोललेला माणूस खोलीत बोलला की असंच होतं.

“मास्तर, माझा हितेश कॅनडाला गेलाय. गाव म्हणतो, कायमचा. त्याला इंग्रजीत काय म्हणतात?”

“इथून गेला म्हणून आपण म्हणायचं एमिग्रेट. तिथे राहायला आला म्हणून ते म्हणणार इमिग्रेट.”

“आणि मुंबईचे चाकरमानी?”

“त्यांचं मायग्रेट. कामाला जातात, परत येतात.”

“मग हितेशला तोच शब्द लावा! गणपतीला येतो तो गेलेला नसतो.”

“काका, कॅनडाहून?”

“विमानं काय फक्त जायचीच असतात?”

यंदा भावकीने सुचवलं, पूजेला पुतण्याला बसवा. गुणाजींनी त्यांना पायरीवरूनच परत पाठवलं, हितेशचं सोवळं धुऊन वाळत घातलं आणि पाट मांडून ठेवला.

चतुर्थीला दुपारी बारापर्यंत वाट पाहिली. मग पुतण्या पूजेला बसला.