नाव दोनदा सांगा

नागभीडमध्ये असा एकही माणूस सापडायचा नाही, ज्याला आमच्या घरमालकांनी त्याचं स्वतःचं नाव दोनदा सांगायला लावलं नाही. दूधवाला, विजेचं मीटर बघायला येणारा, मतं मागायला हात जोडून उभा राहिलेला उमेदवार, पत्ता विचारायला चुकून थांबलेला ट्रक ड्रायव्हर, सगळ्यांना एकच न्याय. आधी नाव. ते सांगून झालं की घरमालक डोळे मिटून मान हलवायचे आणि म्हणायचे, "परत सांगा." समोरच्याला वाटायचं, म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं, तो बिचारा ओरडून सांगायचा. मग घरमालक शांतपणे विचारायचे, "ओरडता काऊन? मी बहिरा नाई." आणि खरंच नव्हते. स्टेशनात मालगाडी शिरली की ती भरलेली आहे की रिकामी, हे ते अंगणात बसल्या बसल्या सांगत. सारा जन्म तारखात्यात गेलेला. तारेत नाव आलं की ते पलीकडच्याला परत पाठवायचं, त्यानं होकार दिला की मगच कागदावर उतरवायचं, ही सवय नोकरी सुटली तरी सुटली नाही. मी एकदा वैतागून म्हटलं, की भाऊ, आता कुठे तारा राहिल्या आहेत? त्यावर म्हणाले, "एक अक्षर इकडचं तिकडं झालं तं मेला एक अन् रडते दुसरेच. मी पाह्यलं आहे."

मी त्यांच्या मागच्या खोलीत भाडेकरू होते. माहेर आरमोरीचं, घरी धानाची शेती, आणि मुलगी शिकली काय, तर जपानी. वडील लोकांना सांगताना नुसतं "भाषा शिकली" एवढंच सांगायचे, कोणती ते गिळून टाकायचे. पण एका जपानी प्रोफेसरबाईंना आमच्याकडच्या तलावांवर पुस्तक लिहायचं होतं: कोणत्या गावचा तलाव कसा बांधला, मासे कोण धरतं, वाटे कसे घालतात. त्यांची दुभाषी म्हणून मी गावोगाव हिंडले. त्या परत गेल्या, पुस्तकाचा पहिला खंड लिहून झाला, आणि त्याच्या शेवटी येणारी शब्दसूची त्यांनी माझ्याकडे सोपवली, कारण त्यात जपानी अभ्यासकांइतकीच आमची गावं, आमचे मासे आणि आमची माणसं होती. सूची वेळेत आणि बिनचूक झाली तर पुढच्या दोन खंडांचं कामही माझंच. नाही झाली, तर नागपूरला मावशीकडे राहून बी.एड. करायचं, असं वडिलांनी ठणकावलं होतं. बी.एड. वाईट असं मी म्हणत नाही. पण मला इथं राहून हेच काम करायचं होतं, आणि अडचण अशी की कंप्युटर म्हटलं की मी चार हात लांब पळायचे.

ती भीती आमच्या घरमालकांनी, भाऊंनी, घालवली. नागपूरहून एक जुना कंप्युटर त्यांनी आधीच आणून ठेवला होता. चित्रांवर टिचकी मारून काम करणाऱ्यांवर त्यांचा मनापासून राग. "खुणा काऊन करता? तोंड आहे तं बोला ना," असं ते टिचकीवाल्यांना म्हणत. त्यांचा कंप्युटर म्हणजे काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक रेघ. तिथं आज्ञा टाइप करायची, ती टाइप करताना मोठ्यानं म्हणायची, आणि शेवटची कळ दाबली की खुर्चीतून उठून, हात पाठीमागे बांधून दोन पावलं मागे सरकायचं. प्लॅटफॉर्मवरून मेल जाताना माणूस मागे सरकतो ना, अगदी तसं. मी आपली खुर्चीतच बसून राहिले तर मला दटावून उठवत. प्रोफेसरबाईंनी पाठवलेल्या सीडीतून त्यांनी आपल्या हातानं त्या यंत्रात जपानी चढवलं. त्यात सूची लावणारा एक छोटासा प्रोग्राम होता. लेखिकेनं पुस्तकात जागोजागी शब्दांवर खुणा केलेल्या असतात. प्रोग्राम ते शब्द पानांच्या आकड्यांसकट गोळा करतो आणि क्रमानं लावून देतो. क्रम हा शब्द भाऊंच्या कानावर पडला मात्र, ते सरसावून बसले.

कारण क्रमानं लावणं हे त्यांचं दुसरं वेड. त्यांच्या स्वयंपाकघरात डबे बाराखडीप्रमाणे. आले, ओवा, कोकम दाराशी. हळद आणि हिंग पार कोपऱ्यात, मोरीवर. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे बाई म्हणत असू. त्यांनी चुलीमागे स्वतःचा वेगळा मसाल्याचा डबा ठेवला होता आणि सगळा स्वयंपाक त्यातूनच व्हायचा. भाऊंना वाटायचं, आपली पद्धत झकास चालू आहे. पुतण्याच्या लग्नात तर त्यांनी पंगतसुद्धा आडनावांच्या क्रमानं बसवली. साहजिकच एका आडनावाचे सगळे भाऊबंद एका ओळीत आले, आणि धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणावरून कित्येक वर्षं एकमेकांचं तोंड न बघणारे दोघे मांडीला मांडी लावून बसले. मीठ वाढणारा पुढं निघून गेला आणि एकाला दुसऱ्याकडे मीठ मागावं लागलं. ते भांडण मिटलं ते भाऊंमुळे, असं भाऊच सांगत. नवरदेवाला मात्र नवरीपासून लांब, शेवटच्या ओळीत जेवावं लागलं, ते ते सांगत नसत.

जपानी क्रम कसा असतो, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणून दाखवला: अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. भाऊ ऐकतच राहिले. "हे तं आपलंच आहे," म्हणाले, आणि दुसऱ्यांदा म्हणवून घेतलं. पुष्कळ शतकांपूर्वी बौद्ध भिक्षूंबरोबर आपली वर्णमाला तिकडे पोचली आणि तिच्यावरूनच हा क्रम लागला, एवढं मी सांगितलं. त्या दिवसापासून जपान हे त्यांच्या लेखी सोयऱ्यांचं गाव झालं. तिकडे भूकंप झाल्याची बातमी रेडिओवर लागली की दिवसभर जेवणावर मन नसायचं.

पण खरी गोम पुढं होती. जपानी नावांची अक्षरं डोळ्यांना दिसतात, पण ती तोंडानं कशी म्हणायची हे अक्षरांवरून कळेलच असा नेम नाही. 'पूर्व' या अर्थाचं एकच अक्षर एका घराचं आडनाव म्हणून 'अझुमा' असतं, दुसऱ्या घराचं 'हिगाशी'. एक सूचीच्या सुरुवातीला जाणार, दुसरं पार पुढं, 'ह'मध्ये. बिचाऱ्या प्रोग्रामला यातलं काही कळत नाही. त्याला आपण एक फाइल करून द्यायची: हे नाव, हा उच्चार. ज्याचा उच्चार दिला नसेल त्याच्याबद्दल तो पडद्यावर कुरकुरतो आणि त्याला नेऊन शेवटी टाकतो. हे कळल्यावर भाऊंचा चेहरा असा काही उजळला की विचारू नका. जन्मभर सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं होतं आणि इथं एक यंत्र नेमकं तेच मागत होतं. "ह्याले अक्कल आहे," त्यांनी कंप्युटरच्या डोक्यावर हात ठेवून मला सांगितलं.

मग त्यांनी माझी पाठ धरली. त्या 'पूर्व'वाल्या अभ्यासकासमोर मी 'हिगाशी' लिहिलं होतं, तर विचारलं, की त्यानं स्वतः सांगितलं का? नाही सांगितलं, पण बहुतेक तसंच असतं, असं मी म्हटलं. "बहुतेक नावाचा मानूस मले तं कुठी भेटला नाई," असं म्हणून त्यांनी मला चंद्रपूरच्या बसमध्ये बसवून दिलं, सायबर कॅफेतून प्रोफेसरबाईंना विचारायला. उत्तर आलं: अझुमा. अशा किती नावांसाठी मी ती बस पकडली असेल, त्या बसचा कंडक्टर मला नावानिशी ओळखायला लागला. (त्याचं नाव भाऊंनी अर्थातच दोनदा विचारून घेतलं होतं.) आपल्याकडच्या माणसांचीही सुटका नव्हती. मतदारयादीवरून नावं घेऊ म्हटलं तर भाऊ उसळले. लिहिलेलं काय, कोणीही लिहितं; माणूस म्हणतो ते नाव खरं. तो नसला तर त्याच्या घरचे म्हणतात ते. हा त्यांचा कायदा. तो पाळायला आम्ही दोघं त्यांच्या लुनावरून तलावांच्या काठाकाठानं हिंडलो.

एका गावी तलावाच्या काठी एक म्हातारी जाळं पसरत बसली होती. प्रोफेसरबाईंना माशांच्या निम्म्या गोष्टी हिनंच सांगितलेल्या. भाऊंनी नाव विचारलं तर म्हणाली, मले कोन नावानं हाक मारते बापा, मी पोराची माय. भाऊ तिच्यासमोर उकिडवे बसले आणि वाट बघत राहिले. तिनं जाळ्याची एक गाठ सोडवली, दुसरी सोडवली, आणि मग हळूच आपलं नाव सांगितलं. भाऊ म्हणाले, "परत सांगा." या वेळी तिनं मान वर करून सांगितलं, चांगलं खणखणीत, आणि आपल्याच आवाजाला हसली. मला त्या दिवशी भाऊंबद्दल जे वाटलं ते आजही तसंच वाटतं, आणि ते आभार या शब्दात मावत नाही.

आता यातली गंमत अशी, की सगळ्यांची नावं वदवून घेणाऱ्या या माणसाचं नाव त्याच्या घरात कधीच कोणी घेतलं नाही. बाई जुन्या वळणाच्या. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही म्हणजे नाही. "आयकलं का," एवढ्यावर संसार झाला. लग्नात बायकांनी नाव घ्यायला लावलं तेव्हा बाईंनी नुसते ओठ हलवले, नेमका तेव्हाच बँड वाजत होता, अशी भाऊंची तक्रार होती, आणि ती ते मला दर आठवड्याला ऐकवत. त्यांनी नाना युक्त्या केल्या. जनगणनावाला येणार असं कळल्यावर दारावरची नावाची पाटीच काढून ठेवली आणि बाजारात निघून गेले. जनगणनावाल्यानं विचारलं, कुटुंबप्रमुखाचं नाव काय? बाईंनी पाटी दाखवायला हात वर केला तर तिथं नुसता खिळा. मग त्यांनी त्या माणसाला चहा दिला, पोहे दिले, दुसरा चहा दिला, आणि भाऊ येईपर्यंत हलू दिलं नाही. पाटी पुन्हा लागलीच नाही. "साऱ्या तालुक्यानं आपलं नाव मले दोनदा सांगितलं," भाऊ म्हणायचे, "अन् माह्यं नाव माह्या घरी एकदाबी नाई." बाई आतून ऐकत आणि भांडं जरा जोरात आपटत.

सूची होत आली होती. तेवढ्यात एके दिवशी सकाळी अंघोळीला गेलेले भाऊ तिथंच कोसळले. लकवा. नागपूरच्या दवाखान्यातून त्यांना घरी आणलं तेव्हा उजवं अंग गेलं होतं आणि वाचाही गेली होती. सगळ्या गावाला बोलतं करणारा माणूस खाटेवर छताकडे बघत पडून राहिला. मी खोलीत आले की डाव्या हातानं कंप्युटरकडे बोट करायचे. मी एकटीनं काळ्या पडद्यासमोर बसून आज्ञा टाइप करत होते, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत होते, आणि कळ दाबली की उठून मागे सरकत होते. प्रोग्रामची कुरकुर एकेक नावानं कमी होत गेली. पुस्तक छपाईला जायची वेळ आली. चंद्रपूरच्या कॅफेतून मी शेवटची मेल छापून आणली, तिच्यात प्रोफेसरबाईंनी लिहिलं होतं, की तुमच्या घरमालकांचे आभार मी पुस्तकात मानले आहेत, तेव्हा त्यांचंही नाव सूचीत घाला. घरी म्हणतात तसं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मला सगळं घेऊन चंद्रपूरला जायचं होतं.

मी खाटेशी बसून भाऊंना ती मेल वाचून दाखवली. म्हटलं, "भाऊ, तुमचं नाव मला माहीत आहे. लिहू का?"

त्यांनी मान हलवली. नाही. डावं बोट ओठांवर टेकवलं आणि मग ते स्वयंपाकघराच्या दाराकडे नेलं.

दारात बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. सूप बाजूला ठेवलं, उठल्या, आत गेल्या. मला वाटलं, संपलं, आता हे नाव राहिलं. पाठवायचं तर घरच्यांच्या तोंडून न ऐकताच पाठवावं लागेल, आणि त्यांचंच नाव असं पाठवायला माझा हात धजेना. पण बाई हात धुऊन परत आल्या. पदर डोक्यावरून नीट घेतला, खाटेशी आल्या, तोंड भिंतीकडे केलं, आणि भाऊंचं नाव घेतलं. जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू.

भाऊंनी डोळे मिटले आणि मान हलवली. मग डावा हात पांघरुणातून बाहेर काढला आणि दोन बोटं वर केली.

बाई वळल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि कपाळाला आठ्याही होत्या. "मरेपरेंत खोड जात नाई ह्यायची," असं मला म्हणाल्या, आणि मग भाऊंच्या तोंडाकडे बघून त्यांनी ते नाव पुन्हा घेतलं, मोठ्यानं, पूर्ण, जसं काही रोजच घेत होत्या.

मी टाइप केलं, मोठ्यानं म्हटलं, कळ दाबली आणि मागे सरकले. या वेळी पडद्यावर काहीच कुरकुर आली नाही. भाऊंचं नाव एका तलावाच्या आणि एका माशाच्या मध्ये जाऊन बसलं.

पुढचे दोन्ही खंड मलाच मिळाले. आज भाऊ नाहीत, बाईही नाहीत, आणि भाऊंचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण वाचून घेतलेलं नाव त्यांना चाललं नसतं. त्यानंतर मी पुष्कळ पुस्तकांच्या सूची केल्या. एखादं नाव अडलं की अजूनही त्या माणसाला फोन लावते, नाव विचारते, आणि त्यानं सांगितलं की डोळे मिटून म्हणते, परत सांगा. लोकांना वाटतं, जंगलातल्या गावचा फोन आहे, नीट ऐकू येत नसेल. मी तसंच वाटू देते.