एडना बर्टविसलची हिरवळ

एडना बर्टविसल आमच्या भिंतीपलीकडे राहायची. गिरणीत काम करून तिचे हात राठ झाले होते आणि डावा कान नवऱ्याच्या मारानं गेला होता.

नवरा क्लिफर्ड खाणीतला. घरामागच्या हिरवळीचं त्याला भारी वेड. पण आमच्या बर्नली गावात थंडीची चाहूल लागली की मेपलच्या ओल्या पानांखाली गवत पिवळं पडायचं, पाणी साचायचं, शेवाळ धरायचं. मातीतल्या अळ्यांसाठी कावळे सगळं उकरून टाकायचे. क्लिफर्डकडे या सगळ्यावर एकच औषध होतं, दणका. पानांवर रॉकेल ओतून काडी लावायची, शेवाळावर तेजाब ओतायचं, कावळ्यांना गोळ्या घालून तारेवर उलटं टांगायचं. एडनाच्या वाळत घातलेल्या चादरींवर त्यांचं रक्त ठिबकायचं.

त्या वर्षी एडनाला राहवलं नाही. ती माती उकरायच्या चार दातांच्या लोखंडी काट्यानं हिरवळीत भोकं पाडत होती, तेवढ्यात तो रॉकेलचा डबा घेऊन आला.

"जाळू नकोस रे, गवतही मरतं. पानं रोज दाताळ्यानं ओढून घेतली की झालं. भोकं पाडली की पाणी मुरतं. आणि अळ्यांचं म्हणशील तर संध्याकाळी जमीन भिजवून वर ताडपत्री टाक. सकाळी त्या आपसूक वर येतात. ताडपत्री काढलीस की कावळेच खातील, उकरणार नाहीत."

"तू मला शिकवणार? एक कान गेलाय, दुसराही नकोसा झालाय का?"

त्यानं फावडं उचललं आणि तिच्या तोंडावर आडवं हाणलं. दात तुटून ती पानांत कोसळली. बरगडीत लाथ घालायला त्यानं एक पाय उचलला. एडनानं पडल्या पडल्या काटा ओढला आणि त्याच्या दुसऱ्या पायात सगळा जोर लावून खुपसला. बूट, पाय आणि खालची माती, सगळं एकदम.

त्याची किंकाळी ऐकून मी भिंतीवरून उडी मारली. तो जागीच खिळून थरथरत होता.

"काढ! काढ ना गं, एडना!"

ती रक्त थुंकली. "आधी ऐक. पुन्हा हात उचललास, तर पुढचा घाव पायावर नसेल." मग त्याच्या बुटावर पाय रोवून तिनं काटा उपसला.

दवाखान्यात त्यानं सांगितलं, काम करताना काटा निसटला. बायकोनं भोसकलं हे तो कुठल्या तोंडानं सांगणार? तिथून तो लंगडत परस्पर बहिणीकडे गेला, तो गेलाच. एडनानं त्याच आठवड्यात कुलूप बदललं, पानं ओढली, उरलेली भोकं पाडली.

मी एकदा विचारलं, "वाईट वाटतं का गं कधी?"

"वाटतं ना. एकच पाय गावला."

आम्ही पोट धरधरून हसलो. हसता हसता माझ्या हातून कचऱ्याच्या डब्याचं पत्र्याचं झाकण खणकन पडलं, आणि एडना दोन्ही हात डोक्यावर धरून खाली बसली.