जावई आलेल्या घरात

पहिल्या बाळंतपणाला मी अकोटला माहेरी आले, तर मायलाही तिसरा महिना. मी अठराची, माय छत्तीसची. यात बिघडलं काय? पण लेकीचं लग्न झाल्यावर आईनं पोटुशी राहणं म्हणजे आमच्याकडे तोंड काळं केल्यासारखंच. जावयाला तोंड कसं दाखवायचं म्हणे! जावई म्हणजे माझा नवरा. त्या बिचाऱ्याला सासूच्या पोटाशी काय घेणंदेणं?

घरात आत्याचं राज्य. बापाची थोरली बहीण. ती मायला म्हणाली, "लेक बाळंतपणाले आली, अन् तुले हे सुचून राह्यलं? लाज नाई वाटत?" जसं काही मायनं ते एकटीनंच केलं! करणारा ओट्यावर मान खाली घालून पान लावत बसला होता. मोठा मर्दगडी!

आत्यानंच एक बाई आणली. तिनं आत काडी घातली. तिसऱ्या दिवशी माय तापानं फणफणली, अंगावरून जाणं थांबेना, जवळ गेलं की वास यायचा. मग एसटीत घालून अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. वाटेत आत्यानं आम्हा सगळ्यांकडून घोकून घेतलं, विहिरीवर पाय घसरला म्हणून सांगायचं.

डॉक्टरीणबाईंनी तीनदा विचारलं, "आत काही घातलं होतं का? खरं सांगा, मला हिला वाचवायचंय."

"नाई बाई," आत्या म्हणाली, "खानदानी मानसं आमी."

मायनं माझ्याकडे पाहिलं. मी बापाकडे पाहिलं आणि गप्प बसले. थू त्या खानदानीवर, आणि माझ्यावरही! दुसऱ्या दिवशी सकाळी मायची शुद्ध हरपली, तेव्हा मी धावत जाऊन डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. "काल का नाही बोललीस?" एवढंच म्हणून बाई आत पळाल्या. संध्याकाळी माय गेली.

बाप मला म्हणाला, "काहून बोलली? आता गावभर होईन ना."

वर्षाच्या आत त्यानं दुसरी केली, माझ्याहून एका वर्षानं मोठी. पुढच्या वर्षी तिला मुलगा झाला. आत्या पेढे घेऊन अकोल्याला, जठारपेठेत माझ्या सासरी आली. कोण तो तिचा आनंद! माझ्या हातावर न ठेवता पहिला पेढा तिनं माझ्या नवऱ्याच्या हातावर ठेवला.

"घ्या जावईबापू, तोंड गोड करा. तुमाले साळा झाला."