खिशातला डावा हात

नातवंडांना मी हुशार वाटते, म्हणून हे त्यांना सांगितलेलं नाही. एका परक्या माणसाचा खिशातला हात मी भर दुकानात मनगटाला धरून बाहेर ओढला होता.

बीडच्या बसस्टँडजवळ आमचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. एकाच पेटीत तीन खेळांचे सर्किट बोर्ड बसवायला तो मेकॅनिक आला. मला चाळिशीतच ‘मावशी’ म्हणाला, तिथंच मनातून उतरला.

खेळ बदलायला तो फिरवायचं एक बटण लावत होता. “एका टायमाला एकाच बोर्डाला करंट. तिन्ही एकदम चालू केले तर सप्लाय जळंल,” म्हणाला. मला वाटलं, हा काहीतरी लपवतोय. त्यात मशीन चालू ठेवून टीव्हीच्या पडद्यामागच्या तारांत उजवा हात घालायचा, आणि डावा सारखा खिशात. आमचे सुटे भागच ढापत असणार!

म्हणून त्याचा उजवा हात तारांत असतानाच मी डावा ओढला. चोर पकडल्याचा केवढा आनंद मला! तो दचकून मागं सरला. आधी त्यानं प्लग काढला, मग खिसा उलटा करून दाखवला. आत नुसती तंबाखूची भुकटी.

“दुसरा हात कुठं टेकला तर झटका छातीतून जातो, म्हणून एक खिशात ठेवतो,” तो म्हणाला. “संशय घ्या मावशी, पण आधी मशीन बंद करून घ्या.”