खालून उसवलेली पिशवी

संक्रांतीनंतरचा पहिला गुरुवार. रक्कम बासष्ट हजार. हजर आम्ही तिघं: मी, माझी पत्नी आणि तिचा धाकटा भाऊ. तिच्या पित्ताशयातले खडे काढण्याचा हा खर्च बुलडाण्यातल्या एका खासगी दवाखान्यात सांगितला गेला. देऊळघाटला आमचा भाजीपाल्याचा धंदा. घरात शिल्लक एकोणतीस हजार. सूज आहे, महिना घालवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मी सरकारी दवाखान्याचं नाव काढताच मेहुणा उसळला. "फुकट हाय म्हणून जाता काय भाऊजी? तिथं सुई भी बाहेरून आना लागते. मेथीच्या जुडीचा करता तसा माह्या बहिणीचा भाव करून राह्यले तुम्ही!" शब्द लागला, कारण शंका मलाही होती. कुणी फुकट म्हटलं की त्यातून काय वजा केलंय, हे मी आधी शोधतो. देवाशीही माझं तसंच. मेहकरच्या बालाजीला मी नमस्कार करतो, मागत काही नाही. नवस बोलली ती पत्नी. एक हजार एक रुपये, तिनेच शिवलेल्या पिवळ्या पिशवीत, तोंडाला सात गाठी. त्या नवस फेडताना देवासमोरच सोडायच्या. आधी सोडल्या तर बोललेलं मोडलं, अशी आमच्या घरची रीत.

सरकारी दवाखान्यात तीन खेपा झाल्या. एकदा तर सोनोग्राफीचा नंबरच लागला नाही, दिवस वाया गेला. तरी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आजार आम्हाला कागदावर चित्र काढून समजावला, हेही लिहिलं पाहिजे. चौथ्या खेपेला ऑपरेशनच्या यादीत नाव लागलं. खिडकीवर मोफत योजनेसाठी मूळ रेशनकार्ड मागितलं. एक वाजेपर्यंत दिलं नाही तर नाव पुढच्या महिन्यात. साडेबारा झाले होते. मी कागद उपसले. कार्ड नव्हतं.

पत्नीचा चेहरा उतरला. "अहो, नवसाच्या नोटा चुरगळू नयेत म्हणून मी त्या कार्डातच ठेवल्या. अन् कार्ड पिशवीत." आम्ही रेशनचं धान्य उचलत नाही, कार्ड वर्षानुवर्षं देव्हाऱ्यात पोथीखाली पडून असे. पिशवी मात्र तिने उशाशी ठेवायला सोबत आणली होती.

"सोड त्या गाठी," मी म्हणालो.

"मी नाही सोडत. ज्याच्या भरवशावर सुरीखाली जाऊन राह्यली, त्याचंच मोडू काय?"

घरात कधी न भांडलेले आम्ही तिथे भांडलो. मग मी आयुष्यात पहिल्यांदा, काही न मोजता हात जोडले. बालाजी, आता माझ्याकडे आकडा उरला नाही.

मागच्या बाकावर एक वृद्ध बसले होते. रोहिणखेडचे शिंपी, मुसलमान, बायकोच्या मोतीबिंदूसाठी आलेले. "माय," ते म्हणाले, "गाठ तं वर हाय, शिवन खाली हाय. आन इकडे." त्यांनी टोपीत खोचलेली सुई काढली, खालची शिवण चार बोटं उसवली आणि कार्ड तेवढं ओढून घेतलं. नोटा बोटांनी दाबून धरल्या, त्या आतच राहिल्या. "टाके कोनाचे हे? लय कच्चे."

"माहेच," पत्नी ओशाळून म्हणाली.

"बरं झालं. पक्के असते तं इथंच एक वाजला असता."

कितीतरी दिवसांनी ती हसली. एक वाजायला दहा मिनिटं कमी असताना कार्ड खिडकीत गेलं. परत आलो तोवर पिशवी पुन्हा शिवून झाली होती. मी शंभराची नोट पुढे केली. ते म्हणाले, "पाच रुपये दे. मन्नतीच्या पिशवीवर कोनाची उधारी नको, आन जास्ती भी नको."

ऑपरेशन नीट झालं. मेहुण्याला सगळं सांगितलं, तर म्हणतो, "म्हंजे सुई बाहेरूनच आली नं भाऊजी!"

त्या बाकावर त्या वेळी तेच का बसले होते, याचं उत्तर मी शोधत नाही. मला द्यायचं कळत होतं. घ्यायचं त्या दिवशी कळलं. हात मोकळे ठेवावे लागतात, एवढंच.

शेवटी दिलं ते असं. प्रवास आणि बाहेरची औषधं मिळून एक हजार एकशे चाळीस. दवाखान्याला काही नाही. मेहकरला, सातही गाठी देवासमोर सोडून, बालाजीला एक हजार एक. आणि रोहिणखेडच्या शिंपीबाबांना रुपये पाच.