हळदीकुंकवाची वही

मी बैरूत कधी पाहिलेलं नाही, पण तिथल्या एका इमारतीचा जिना मला पाठ आहे. दुपारी जेवून आडवी झाले आणि डोळा लागायच्या बेतात असला, की मी तो चढायला लागते. पायऱ्या मधोमध झिजलेल्या, कठडा उन्हानं कोमट, आणि प्रत्येक मजल्यावर वेलदोडा घातलेल्या कॉफीचा वास. पाच मजले आणि सगळी दारं सताड उघडी. हा जिना माझ्या शेजारणीच्या लहानपणचा. लंडनच्या कडेला, पिनरमध्ये, आमच्या दोघींच्या बागांमध्ये एक लाकडी कुंपण आहे. बारा वर्षं ती त्यावरून मला पुदिना देते आणि पुदिन्याबरोबर थोडा थोडा जिना.

मी भूलतज्ज्ञ होते. तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलांत लोकांना झोपवलं, आता स्वतः झोपते. त्यामुळे काय ऐकलं आणि काय स्वप्नात पाहिलं, याची माझ्याकडे हल्ली सरमिसळ असते. तिचं इंग्रजी बोलणंही मनात मराठीतच साठलंय. पण पुढं सांगते त्यातला शब्द न् शब्द खरा आहे.

आडनाव काय आणि मूळचे कुठले, या दोन प्रश्नांत माणसाची कुंडली काढायची, हे मी पुण्यात लहानपणीच शिकले. इथं येऊनही ती खोड गेली नाही. शेजारणीला मी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "लेबनॉनमध्ये मूळची कुठली?" ती म्हणाली, "तिसऱ्या मजल्यावरची." आणि हसली. गळ्यात क्रूस नाही, घरात नमाजाची चटई नाही, वाईन कधी घेते, कधी नाही. आडनावावरून मला काही कळेना. बारा वर्षांत माझी डाळ शिजली नाही. हे म्हणायचे, "अगं, तुला करायचंय काय? मुलगी द्यायची आहे का त्यांच्यात?"

एकदा मी सरळच विचारलं, की तुमच्याकडे युद्ध सुरू कशावरून झालं. ती पुदिना निवडत होती. "पुस्तकांत खूप कारणं आहेत, आणि सगळी खरी आहेत," ती म्हणाली. "पण आमच्या जिन्यात आधी दारं लागायला लागली. दिवसाढवळ्या. बॉम्ब त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आले."

दर जानेवारीत माझ्याकडे हळदीकुंकू असतं. त्याची एक वही आहे. आमच्या रस्त्यावरचा प्रत्येक घरनंबर, घरात बायका किती, अंडं चालतं की नाही, मागच्या वर्षी कोण आलं नाही, सगळं त्यात. इथल्या मराठी मंडळात माझ्या वहीचा दबदबा आहे. शेजारीण दर वर्षी यायची, कपाळ पुढं करायची, तिळाचा लाडू तिथंच उभ्यानं खायची.

मग तो उन्हाळा आला. इंग्लंडातल्या कुठल्या कुठल्या गावांत बाहेरून आलेल्यांविरुद्ध जमाव रस्त्यावर उतरले, दुकानांच्या काचा फुटल्या. पिनरमध्ये काहीच झालं नाही, पण आमच्या मंडळाच्या ग्रुपवर दिवसभर निरोप वाजत राहिले. कुणी म्हणे गोरे येणार, कुणी म्हणे 'ते' येणार. मीसुद्धा घाबरले, खोटं कशाला बोलू? दुपारी स्वतःच्याच घराला आतून कडी घालून बसायला लागले. वॉटफर्डची माझी मैत्रीण मंडळाची सेक्रेटरी आहे. तिनं लिहिलं, "प्रत्येकीने आपापल्या रोडची लिस्ट टाका प्लीज. आपली घरं कुठली, बाकीची कोणाची. जस्ट फॉर सेफ्टी."

यादी म्हटल्यावर मला स्फुरण चढलं. वही काढली, कोरा कागद घेतला आणि सुवाच्य अक्षरात घरनंबर उतरवले. प्रत्येकासमोर एकच शब्द: आपले, इंग्लिश, त्यांच्यातले. पाऊण तासात रस्ता संपला. फक्त शेजारच्या घरापुढं प्रश्नचिन्ह राहिलं. सकाळीच फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि अर्धवट काम मला सोसत नाही म्हणून दुपारी कागद नि पेन घेऊन तिच्याकडे गेले.

तिच्या स्वयंपाकघरात पिवळं ऊन आलं होतं. मी कागद टेबलावर पसरला. इंग्रजीत समजावून सांगितलं आणि विचारलं, "तुझ्या घरापुढं काय लिहू?"

तिनं हात धुतले, पुसले, चष्मा लावला. अक्षरं मराठी, पण नंबर कळत होते, आणि तेच तीन शब्द पुन्हा पुन्हा येतात हेही. तिनं बोट ठेवत ठेवत सगळा रस्ता वाचला.

"सुंदर अक्षर आहे," ती म्हणाली. "हे कशासाठी?"

"काळजीपोटी. काही झालंच तर कुणाकडे धावायचं, ते माहीत असावं."

"माझी आई हेच म्हणाली होती."

मग तिनं मला जिन्यातली ती गोष्ट सांगितली, जी बारा वर्षं सांगितली नव्हती. तिची आई म्हणजे इमारतीतली सगळ्यांची लाडकी. दारं लागायला लागली तेव्हा कुणाला पाव पोचला नाही, कुणाला औषध, असं व्हायला नको म्हणून आईनं यादी केली. मजला, नाव, धर्म. वळणदार अक्षरात. एक प्रत खालच्या रखवालदाराकडे ठेवली.

"मग माणसं आली," ती म्हणाली. "त्यांना कुठल्याच मजल्यावर काही विचारावं लागलं नाही. आईचं अक्षर वाचत वाचत ती वर चढली. दुसऱ्या मजल्यावर थांबली."

"दुसऱ्या मजल्यावर कोण होतं?"

"माझी मैत्रीण. तिचे वडील, दोन भाऊ." तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आईनं पुन्हा कधी काही लिहिलं नाही. बाजारात काय आणायचं तेसुद्धा नाही." मग माझ्या कागदाची तिनं नीट घडी घातली आणि तो माझ्या हातात दिला. "हा एवढाच आहे ना? तुझ्याकडेच?"

मला सकाळी ग्रुपवर टाकलेला फोटो आठवला. "हो," मी म्हणाले.

घरी येऊन मी कागदाचे तुकडे तुकडे केले. ग्रुपवरचा फोटो काढायला गेले तर घाईत तो फक्त माझ्याच फोनवरून पुसला गेला, बाकीच्यांकडे तसाच राहिला. खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग. मैत्रिणीला फोन लावला, सगळं सांगितलं आणि रडले. ती आधी घाबरली, मग म्हणाली, "अगं, इतकं अपसेट नको होऊस. फोटो करते मी डिलीट. पण तुझी लिस्ट मी ऑलरेडी एक्सेलमध्ये घातलीये, सगळ्या रोड्सची मिळून. आता कशाला काढू? राहू दे ना, कधीतरी उपयोगी पडेल." मी भांडले, ओरडले. ती म्हणाली, बघते.

तेव्हापासून दुपारी जिना चढते तेव्हा दारं बंद असतात. प्रत्येक दारावर एक शब्द असतो आणि अक्षर माझं असतं. तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचायच्या आत मी जागी होते.

या जानेवारीत मी वही न उघडता हळदीकुंकू केलं. आठवलं तसं बोलावलं, काही घरं राहूनही गेली. शेजारीण आली. कपाळ पुढं केलं. मी कुंकू लावत असताना तिनं हळूच विचारलं, "फाडलास ना तो कागद?"

कागद मी फाडला होता, ते खरंच होतं. मी "हो" म्हणाले आणि तिच्या हातावर तिळगूळ ठेवला. तिळगूळ देताना गोड बोलायचं असतं.