वृषाली अभिनय करते याचा पुरावा

"पण ती अभिनय कुठे करते?" पुरस्काराच्या समन्वयक मॅडम फोनवर म्हणाल्या. "ती तर तिथलीच आहे ना?"

फोन स्पीकरवर होता. डहाणूत हसमुखभाईंच्या चिकूच्या गोदामात आम्ही चौघं बसलो होतो. हसमुखभाई आमच्या सिनेमाचे निर्माते, मूळ धंदा चिकूचा. केदार दिग्दर्शक. मी साउंड रेकॉर्डिस्ट. आणि जिच्याविषयी हे चाललं होतं ती आमची नायिका वृषाली, एका खोक्यावर बसून नववीचे गणिताचे पेपर तपासत होती.

साल २०१७. मुंबईच्या एका बड्या पुरस्कारासाठी आम्ही सिनेमा पाठवला होता. वृषालीचं नाव 'उत्कृष्ट अभिनेत्री'साठी दिलं होतं. ज्यूरीने तिला तिथून उचलून 'अस्सलतेसाठी विशेष उल्लेख' या खणात टाकलं. म्हणजे एक शाल, एक प्रमाणपत्र, आणि तेही दुपारी, टीव्हीचे कॅमेरे यायच्या आधी.

"म्हणजे माल चांगला, पण पेटी दुसऱ्याच नावाची, असंच ना?" हसमुखभाईंनी विचारलं. मॅडम हसल्या आणि फोन ठेवला.

वृषाली मूळची समुद्रकाठच्या नरपडची. एम.एस्सी. झालेली, डहाणूत शाळेत गणित शिकवते. आत डोंगराकडच्या सायवनच्या भात लावणाऱ्या बाईची भूमिका करायची म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत ती महिनाभर सायवनला जानकीबाईंच्या घरी राहिली. मोळी डोक्यावर घेऊन चालायला शिकली. पहिल्या आठवड्यात मान अशी धरली की बाम लावून झोपायची. हा तिचा पाचवा छोटा सिनेमा. पाचही वेळा समीक्षकांनी लिहिलं, 'गावातल्याच एका स्त्रीला घेऊन दिग्दर्शकाने कमाल केली आहे.' कौतुक दिग्दर्शकाचं. बाई काय, सापडलेली!

"दादा, एक नॉमिनेशन मिळालं ना," ती मला म्हणाली, "तर लोक निदान ऑडिशनला बोलावतील. आत्ता त्यांना वाटतं, शूटिंग संपलं की मी भात लावायला जाते."

तेव्हा मला माझ्या हार्ड डिस्कची आठवण झाली.

आमचा सिनेमा सिंक साउंडचा होता. म्हणजे आवाज नंतर स्टुडिओत डब करायचा नाही, सेटवरच घ्यायचा. त्यासाठी नटाच्या कपड्यांत छोटा माइक लपवलेला असतो, त्याला लेपल म्हणतात. कट झाला तरी मी रेकॉर्डर लगेच बंद करत नाही. त्यामुळे दोन टेकच्या मधलं वृषालीचं सगळं बोलणं माझ्याकडे होतं. हसमुखभाईंशी गुजराती. एका विद्यार्थ्याच्या वडिलांना फोनवर झापताना इंग्रजी. मला शुद्ध मराठीत, "दादा, हा माइक टोचतोय." मग केदारचा 'अॅक्शन' आणि त्याच गळ्यातून सायवनची एक थकलेली बाई.

"हे ज्यूरीला पाठवू," मी म्हणालो. "ती अभिनय करते याचा पुरावा."

वृषालीने लाल पेन खाली ठेवलं. "अभिनयाचा पुरावा द्यायचा म्हणजे कमालच झाली. पण पाठवा."

पाच मिनिटांचा तुकडा काढला आणि पाठवला. मी स्वतःवर भलताच खूश होतो. आठ दिवसांनी मॅडमचा फोन आला.

"ज्यूरी फारच इम्प्रेस झाली हो!"

"मग नॉमिनेशन?"

"त्या यादीची मुदत संपली. आणि विशेष उल्लेखही आता देता येणार नाही. तो अस्सलतेसाठी होता ना. त्या तर तिथल्या नाहीतच."

"मॅडम, मुद्दा तोच आहे, तो अभिनय आहे!"

"हो, तेच म्हणतेय. ज्यूरीने सिनेमा परत पाहिला. आता त्यांना अभिनय दिसायला लागलाय. थोडा जास्तच वाटतोय."

मी फोन ठेवला. होती ती शालही माझ्या हुशारीने गेली. फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. वृषाली एवढंच म्हणाली, "जाऊ द्या दादा, 'पाठवा' असं मीच म्हटलं होतं."

'उत्कृष्ट अभिनेत्री'चा पुरस्कार एका बड्या तारकेला मिळाला. तिने मजूर बाईची भूमिका विनामेकअप केली म्हणून पेपरांत कौतुक झालं. तो विनामेकअप चेहरा करायला रोज तीन तास लागायचे, हे मला तिच्या सेटवरच्या माझ्या मित्राने सांगितलं.

आम्ही सायवनच्या शाळेत पडदा लावून आमचा सिनेमा दाखवला. जानकीबाई पुढे बसल्या होत्या. दहा मिनिटांत ओरडल्या, "अगो, ही तर माझंच चालणं चालते! महिनाभर मला बघत होती व्हय! मला वाटलं, पोरीला आमची भाकर आवडली." सगळी शाळा हसली. तो अभिनय आहे हे ओळखणारी ती पहिली ज्यूरी.

पुढच्या वर्षी त्या तारकेच्या ऑफिसातून वृषालीला फोन आला. आमच्या मॅडम पुन्हा गावातल्या बाईची भूमिका करताहेत, बोली आणि चाल शिकवाल का? वृषालीने दिवाळीच्या सुट्टीत शिकवलं. तारका एसी व्हॅनमधून सायवनलाही आली, दोन दिवस. मोळी थर्मोकोलची होती.

२०१९ मध्ये त्याच पुरस्काराचा सोहळा आम्ही हसमुखभाईंच्या घरी टीव्हीवर पाहिला. पुन्हा तीच तारका. या सगळ्यातून मी एवढंच शिकलो की अभिनय परीक्षकांना कळेल इतपतच चांगला करावा.

तारका ट्रॉफीची बाहुली हातात घेऊन म्हणाली, "हा पुरस्कार त्या साध्याभोळ्या, अडाणी बायकांचा आहे, ज्यांनी मला शिकवलं." आवाज थरथरला. डोळे भरले. हसमुखभाई गुजरातीत काहीतरी पुटपुटले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वृषाली मात्र पुढे सरकून टीव्हीकडे निरखून बघत होती.

"डोळ्यांत पाणी आणलं, पण थेंब पडू दिला नाही," ती म्हणाली. "हे मी नव्हतं हं शिकवलं. हा टेक ओके."